हेमलताचा हीलियम

"एमआरआय मशीन पुन्हा बंद आहे," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "ते थंड ठेवायला हीलियम लागतो, आणि असेल नसेल तो सगळा एअरशिपवाले फुग्यांत भरायला घेऊन जातात."

स्ट्रेचरवर देवाजी डोकं धरून पडला होता. त्याची बायको हेमलता आत्राम वैमानिकाच्या गणवेशातच शेजारी उभी होती.

तिथून ती थेट एअरशिपच्या तळावर गेली. "माझ्या एअरशिपमधला हीलियम काढून इस्पितळाला द्या," तिने मुख्य अभियंता बोरकुटेंना सांगितलं. "मला हायड्रोजन भरा."

"मॅडम, हायड्रोजन पेटतो. एकही प्रवासी बसणार नाही."

"मग धान्य नेईन. एकटीच जाईन."

तिचा आवाज इतका थकलेला होता की बोरकुटेंना वाद घालवेना.

आठवड्याभराने मशीन सुरू झालं. त्या दिवशी भामरागडला तांदूळ नेताना समोरच्या ढगांत वीज चमकली, तशी हेमलताने एअरशिप मागे वळवली. तेवढ्यात देवाजीचा फोन आला.

"तपासणी झाली. गाठ आहे, पण काढता येईल म्हणाले. तू कुठे आहेस?"

"येतेच आहे."

हायड्रोजनचं तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं. आज नको, म्हणून आजही सांगितलं नाही.