पिवळं हेल्मेट

जिन्यात खोकल्याचा आवाज आला, तेव्हा अमोलच्या तीन भाकऱ्या भाजून डब्यात गेल्या होत्या आणि चौथी परातीत अर्धी थापलेली होती. खोकला बाचा होता, काळुरामचा. बा पेणच्या खाडीकाठच्या गावाहून थेट रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या खोलीवर आला होता, न कळवता, सुकटीची पिशवी घेऊन.

परात कॉटखाली गेली. तवा लपवता येत नव्हता, तो तापलेला होता. कमावत्या माणसासारखं दिसायला घरात एकच वस्तू हाताशी होती. अमोलनं खिळ्यावरचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं. ते त्याच्या बायकोचं, किमयाचं. तिला बढतीबरोबर पांढरं मिळालं तेव्हापासून पिवळं रिकामंच होतं. अमोलही रिकामाच होता, त्याची कंपनी बंद पडल्यापासून.

"घरात हेल्मेट?" काळुरामनं चपला काढता काढता विचारलं.

"आत्ताच आलो ना बा, ड्युटीवरून."

"नि हात पांढरे?"

"पावडरचं काम असतं."

काळुरामनं मान डोलावली. गावात चार माणसांत सांगण्यासारखी त्याच्याकडे एकच गोष्ट होती: पोरगा रोह्याला कंपनीत हाय. ती गोष्ट आता त्याच्यासमोर उभी होती, हेल्मेट घालून, कोपराला तांदळाचं पीठ लावून.

अमोलनं ताट वाढलं. वाढताना उजव्या हाताचं अर्धंच उरलेलं बोट त्यानं सवयीनं आत मुडपलं. लहानपणी मिठागरावर ते बाच्याच फावड्याखाली गेलं होतं. तेव्हापासून बा त्या हाताकडे बघत नसे.

"भाकरी किमया करून गेली, सकाळी."

"वाफ येते."

"डबा चांगला हाय."

काळुराम जेवत असतानाच किमया आली. पायात कंपनीचे जड बूट, काखेत पांढरं हेल्मेट.

"सूनबाय, भाकरी झकास केलीस गो! तुझ्या सासूची सय आली."

किमयानं नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्याकडे. कंपनीतली अख्खी शिफ्ट सांभाळून आलेली बाई, तिला एवढं कळायला फार वेळ लागला नाही.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "तांदूळ बरा लागला यंदा."

"मला एक सांग. तुझी ही पांढरी टोपी मोठी, का याची पिवळी?"

अमोलनं तोंड उघडलं. खरंच उघडलं, खरं सांगायलाच. पण त्यातून काही बाहेर पडायच्या आधी किमया खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली होती.

"पिवळीच मोठी, बाबा," ती नाडीकडे बघत म्हणाली.

अमोलचे कान तापले. डोक्यात काही पडलं तर लागू नये, एवढीच त्या हेल्मेटात सोय होती. हनुवटीखालचा पट्टा मात्र घट्ट बसला होता, आणि तो सोडायचा म्हणजे पीठ लागलेला हात वर करावा लागणार होता. तो तसाच उभा राहिला.

हात धुऊन काळुराम निघाला. "उरल्या त्या दोन भाकऱ्या बांधून दे गो. शेजारच्या पुतळीला दाखवतो. तिची सून दोन्ही वेळा पाव आणून टाकते पुढ्यात. म्हणावं बघ, कंपनीत जाऊन पण माझी सून कशी थापते."

किमयानं फडकं पसरलं. पहिली भाकरी काळुरामनं स्वतःच उचलली आणि कौतुकानं खिडकीच्या उजेडात धरली. काठाशी थापणाऱ्याची बोटं उठली होती, ती तशीच भाजली गेली होती. एक, दोन, अर्धं, एक.

तो बघत राहिला. मग त्यानं काठाचा तेवढा तुकडा मोडून तोंडात टाकला. दुसरी भाकरी उजेडात धरली. तिचाही तुकडा मोडला.

"पोट भरलं नाय का, बाबा?" किमयानं विचारलं.

"तिथं जरा कच्ची राहिली व्हती."

उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसणाऱ्या त्या दोन भाकऱ्या त्यानं फडक्यात घट्ट बांधल्या आणि चपला घातल्या. अमोलच्या हाताकडे त्यानं पाहिलं नाही. दारात उभा राहून तो सावकाश चावत होता. बराच वेळ चावत होता.