ओल जायला वाट

शेवटचं भोक बुजलं तेव्हा कुठे देवरामचा जीव भांड्यात पडला. एमसील मळून मळून बोटं पांढरी झाली होती. पोरीने दिवे झकास केले होते, पण प्रत्येकाच्या बुडाला एक भोक तसंच राहून गेलं होतं. श्रावणाचे दिवस. पोर बाजारात गेलेली. तिला बोल कशाला लावायचा? आपणच गुपचूप बुजवून टाकावं.

दिवे म्हणजे काय, तर केळीच्या मळ्यात उरलेल्या पीव्हीसी पाइपाचे वीत-वीतभर तुकडे. मागून पाइपाचंच टोपण, पुढून किराणा दुकानातल्या गोळ्यांच्या बरणीतून गोल कापलेलं झाकण, आत जुन्या डब्याच्या पत्र्यावर बसवलेली एलईडी. सांध्यांना सिलिकॉन. बाजारात एक फ्लडलाइट ज्या भावात येतो त्यात देवरामच्या लेकीने, निर्मलाने, अख्ख्या अंगणाचे दिवे केले होते. ही कला ती सासरी शिकली. नवऱ्याच्या दिवेदुरुस्तीच्या दुकानात सोल्डरचे डाग ती द्यायची, पाटीवर नाव त्याचं. होळीला माहेरी आली ती परत गेली नाही. "जाणार नाही," एवढंच म्हणाली. देवरामनेही फार खोदून विचारलं नाही. गल्लीत कोणी विचारलं की तो सांगायचा, "आली आहे चार दिवस." ते चार दिवस होळीपासून चालू होते.

यंदा कानबाई, श्रावणातली कुळाची देवी, देवरामच्या घरी बसणार होती. सगळी भाऊबंदकी लोधीपुऱ्यात येणार. म्हणजे सगळ्यांचे डोळे येणार, अन् सगळ्यांची तोंडंही. त्यातही म्हाताऱ्या चुलतीचं, रंभाबाईचं. म्हणून देवरामने ठरवून टाकलं होतं की शनिवारी निर्मलाचा मामा येईल अन् तिला शाहपूरला घेऊन जाईल. कानबाई नदीवर पोचवली की परत आणून सोडेल. पोरीच्या कानावर वेडंवाकडं पडायला नको.

निर्मलाने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, अन् पाइप कापायला बसली. "गेल्या साली लोटूकाकांकडे पावसात सगळे बल्ब उडाले होते. मी नसले तरी उजेड पाहिजे ना."

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून पाहिले. अंगण लखलखलं. मग पाऊस आला तो थांबेचना. देवराम मात्र निवांत झोपला.

सकाळी सगळे दिवे आंधळे झाले होते. झाकणांवर आतून वाफ धरली होती. एक तर पेटतच नव्हता.

"बाबा, भोकं कोणी बुजवली?"

"मी. बिल्कुल पॅक करून टाकलं. तू विसरली होती ना."

निर्मलाने कपाळाला हात लावला. मग तिला हसूच फुटलं. "विसरले नव्हते बाबा, ठेवली होती."

"अन् पाणी गेलं आत तर?"

"बुडाकडून पाऊस पडतो का? हे पाणी आतलंच आहे. दिवा लागला की आतली हवा तापते, विझला की गार होते, ओल धरते. सगळीकडून बंद केलं तर ती ओल जाईल कुठून?"

"मी तर काळजीनेच..."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली, अन् पिशवी भरायला आत गेली.

मालूबाईने नवऱ्याला गॅसवर खिळा तापवून दिला. देवराम ओसरीच्या पायरीवर बसून एकेक भोक परत पाडू लागला. पहिल्याच भोकातून पाणी टपकलं. पाहायला गेलं तर चमचाभरही नसेल, पण थेंब थेंब बराच वेळ टपकत राहिलं.

मागे ओसरीत रोटांचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू निघाले होते. भाऊबंदकीतली सगळ्यांत म्हातारी म्हणून रंभाबाई सुपापुढे बसली होती. रीत अशी, की प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे, अन् ते घरच्यांनीच खायचे. बाईच्या नावाची मूठ नसते. ती आधी बापाच्या मुठीत, मग नवऱ्याच्या, शेवटी मुलाच्या. मधेच सुटलेल्या बाईचं काय करायचं, हे कानबाईला कोणी विचारलेलं नाही. ती स्वतः बाई असून.

देवराम पायरीवरूनच नावं सांगत होता. मालूबाई मूठ टाकत होती. देवराम. लोटू. सुरेश. बाहेर मामाची मोटारसायकल थांबली. निर्मला पिशवी घेऊन दारात आली.

"पोर चालली का?" रंभाबाईने मान वळवली. "किती दिवसांची आली होती रे देवराम?"

चार दिवस हे शब्द जिभेवर तयारच होते. देवरामने हातातल्या दिव्याकडे पाहिलं. झाकणावरची वाफ कडेकडेने निवळत होती.

"झाली का नावं?" रंभाबाईने सुपाला हात घातला.

"नाही झाली," देवराम म्हणाला. "निर्मला."

मालूबाईची मूठ हवेतच थांबली.

"कोण?" रंभाबाई म्हणाली.

"निर्मला, काकू. चार दिवसांची नाही. राहायला आली आहे ती." अन् बायकोकडे न पाहता म्हणाला, "टाक वं."

दारातली पिशवी खाली टेकली. मालूबाईने सासूच्या मानाच्या त्या बाईकडे भीतभीत पाहिलं अन् मूठ सुपावर नेली.

"थांब!" रंभाबाईने तिचं मनगट धरलं.

देवराम खिळा टाकून उभा राहिला.

"आधी माझ्या नावाची टाक," रंभाबाई म्हणाली. "मी मोठी आहे तिच्याहून."