तंग बूट

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," घड्याळजी म्हणाला आणि खुर्चीत जरा पुढे सरकला. "पहिल्या शर्यतीत पहिल्याच वळणावर माझा दम संपला. डोळ्यांपुढे काजवे. मग काय झालं कुणास ठाऊक, बुटांत जणू दुसरंच कुणीतरी शिरलं, आणि शर्यत पार."

थोरला भाऊ हसला नाही. हीच तर पंचाईत होती.

वर्षापूर्वी तो पोट धरून हसला होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडत बसणारा, जिना चढला तरी धापा टाकणारा हा बैठा प्राणी म्हणे रस्त्यावरच्या शर्यतीत धावणार. "कोपऱ्यापर्यंत धावून दाखव, जन्मभर तुझं ऐकेन," असं म्हणत थोरल्याने आपल्या चपला-बुटांच्या दुकानातला एक जोड त्याच्या अंगावर फेकला होता. तेव्हापासून वर्षभर तेच बूट चालले होते आणि भिंतीवरच्या खिळ्याला पदकांचा घोस लटकला होता.

आज सकाळचीही शर्यत आटोपली होती. घड्याळजी बायकोसह परतला तर थोरला दारातच उभा. गप्पा दारातच सुरू झाल्या, आणि तेवढ्यात आईने पिशवीतले ओले बूट काढून खिडकीत उन्हाला ठेवूनही दिले.

आता आई त्याच खिडकीशी विणत बसली होती. नातीचा हिरवा स्वेटर एका बाहीवर अडला होता. लोकरीचा गुंडा पुन्हा बारीक झाला होता. "या घरात माझी लोकर खातं तरी कोण," ती पुटपुटली. घड्याळजीने मांजराचं नाव घेतलं. आईने चष्म्यावरून मांजराकडे पाहिलं. मांजर झोपलं होतं.

खरा प्रश्न लोकरीचा नव्हता. पुढच्या महिन्यातली मोठी शर्यत परगावी होती. दोन दिवस घर आणि नात आईच्या गळ्यात पडणार होती. तिने हो म्हटलं तरच जाणं, नाही तर नाही. आणि आईला हे खूळ मुळात पसंत नव्हतं. धावतात ते चोर, नाहीतर त्यांच्या मागचे पोलीस, असं तिचं म्हणणं. त्यात हा दर रविवारी पहाटे सुनेलाही ओढून नेतो याचा राग वेगळाच. घड्याळजीचं उत्तर ठरलेलं असे: पाण्याची बाटली धरायला कुणीतरी हवं ना? आज मात्र आई थोडी नरमली होती. वर्षभरात काय दिवे लावलेस ते सांग, पटलं तर बघू, म्हणाली होती.

म्हणून तो सांगत होता. तळ्याभोवतीची शर्यत सांगितली. कुत्रं मागे लागलं ती सांगितली, कुत्र्याचा आकार प्रत्येक वाक्यागणिक वाढवत. मग पुलावरच्या शर्यतीवर आला.

"वारा असा पाठीशी, नुसता ढकलत होता मला."

"समोरून होता," मोरीपाशी भांडी पुसणारी बायको हळूच म्हणाली. "छातीवर कुणी हात ठेवून अडवावं तसा."

"हो, समोरून," तो म्हणाला. "त्या गडबडीत कुणाला भान असतं?"

खोटं बोलायची त्याला हौस होती. गिऱ्हाइकांना तो एकेका घड्याळाच्या राजेशाही कुळकथा सांगत असे आणि रात्री सुखाने झोपत असे. हे खोटं मात्र वर्षभर पचलं नव्हतं. पदकांकडे पाहायचं तो टाळायचा. बायको धूळ पुसताना एकेक पदक उलटून बघायची, तेव्हा तो दुकानात निघून जायचा.

"आणि टेकडीवरची," तो घाईने म्हणाला. "उतारावर बूट इतके तंग झाले, बोटं पुढे चेपून बधिर. तरी थांबलो नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. बूट त्याने दिले होते. तो उठून धाकट्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवून खाली बघत राहिला.

"मला सांगायचं नाहीस का रे? वर्षभर असले बूट घालून धावलास. मी तुला हसलो होतो. चुकलो मी."

या भावाने उभ्या आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. घड्याळजीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तोंडाशी आलं होतं की दादा, हात काढ तो, मी त्या लायकीचा नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातलं फडकं थांबलं होतं आणि ती अगदी बारीक मान हलवत होती. नको. खरं बोललं की परगावची शर्यत गेली, आणि पुढचे सगळे रविवारही गेले.

"जाऊ दे रे दादा," तो म्हणाला.

"बघू तरी किती तंग आहेत," आई म्हणाली. सुया बाजूला ठेवून तिने खिडकीतला एक बूट मांडीवर घेतला. आत हात घातला, पार टोकापर्यंत. तिथे तिची बोटं थांबली, चाचपडली आणि काहीतरी ओढून बाहेर आली.

हिरव्या लोकरीचा घट्ट बोळा होता.

तिने दुसरा बूट घेतला. त्यातूनही तसाच निघाला. दोन्ही बोळे तिने स्वेटरच्या अर्ध्या बाहीशेजारी नीट ठेवले. थोरला धाकट्याच्या पायांकडे बघू लागला. घड्याळजीने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सूनबाई," ती म्हणाली, "परगावी जायच्या आधी थोरल्याकडून आपल्या मापाचे बूट घे."