अकरा मिनिटं

"तुम्ही खोटं लिहिता, आणि वर शिक्का मारता." मिनिटवाला उभा राहून बोलत होता. "ज्या गल्लीत रोज संध्याकाळी चार-चार तास लाइट नसते, तिथे म्हणे अख्ख्या महिन्यात फक्त अकरा मिनिटं लाइट गेली. हा आकडा कुणाच्या स्वप्नात आला? उत्तर द्या."

टेबलापलीकडे वीज कंपनीचे मोठे साहेब चष्मा पुसत बसले होते. अलीकडे गल्लीतली तीस माणसं हातातली कामं टाकून आलेली. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या यादीत त्यांची गल्ली होती. मग कुणीतरी 'पुरवठा उत्तम' असा शेरा मारून तिच्यावर काट मारली. यादी आज बंद होणार होती. आज नाही तर पुढची पाच वर्षं विसरा.

"साहेब, आमच्याकडे काजवेसुद्धा टॉर्च घेऊन फिरतात," गल्लीतला न्हावी मागून म्हणाला. माणसं हसली. साहेब हसले नाहीत.

मिनिटवाला हे नाव त्याला लोकांनी दिलेलं. त्याची दोन खोल्यांची संस्था होती. देशात वीज कुठे बनते, कुठे जाते, कुणाच्या दारापर्यंत पोचतच नाही, हे लोकांना खरं आणि फुकट सांगायचं, एवढाच तिचा उद्योग. त्यासाठी पन्नास घरांत एकेक डबा बसवला होता. मुठीएवढा, हिरवा दिवा असलेला. घरातल्या प्लगवर चालायचा. लाइट गेली की डबा बंद. जितकी मिनिटं डबा बंद, तितकी मिनिटं अंधार. ती मोजून संस्था रोज जगजाहीर करायची. मंत्र्यांच्या भाषणावर कुणी विश्वास ठेवत नसे, संस्थेच्या आकड्यावर सगळे ठेवत. आणि या गोष्टीचा मिनिटवाल्याला थोडा माज होता.

साहेबांनी चष्मा चढवला. एक कागद पुढे सरकवला.

"आकडा आमचा नाही," ते म्हणाले. "आमच्या आकड्यावर तुमचा विश्वास नाही. दर वर्षी इथे येऊन बोंब मारता. म्हणून या खेपेला आम्ही तुमचाच घेतला. डबा नंबर सतरा."

कागदावर संस्थेचं नाव होतं. गल्लीकरांची तक्रार आल्यावर रागाच्या भरात मिनिटवाला कंपनीचे कागद धुंडाळत बसला होता. स्वतःचा कागद काढून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

सतरा नंबर, गल्लीतला एकुलता एक डबा, टेलरबाईच्या घरी होता. ती आत्ता त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती, गल्लीच्या वतीनं, ठेवणीतली साडी नेसून.

मग त्याला तो फोन आठवला. चार महिन्यांपूर्वीचा. सतरा नंबरचा डबा रोज संध्याकाळी चार तास बंद दिसत होता. त्यानं कंपनीचं वेळापत्रक उघडलं. त्यात त्या वेळी लाइट होती. म्हणजे बाईच इस्त्रीसाठी डब्याचा प्लग काढत असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. ज्या कंपनीला तो चोवीस तास शिव्या घालायचा, तिच्या कागदावर त्यानं विश्वास ठेवला. बाईला विचारलंसुद्धा नाही. नुसतं झापलं. "ताई, तुमचा डबा सारखा बंद पडतोय. नीट सांभाळणं जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या घरी देतो." ते चार-चार तास त्यानं 'हलगर्जीपणा' म्हणून नोंदींतून पुसूनही टाकले. दुसऱ्या दिवसापासून सतरा नंबर एकदम सुतासारखा सरळ. त्यानं खूश होऊन बाईला प्रशस्तिपत्रक पाठवलं होतं.

तो वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, डबा कशावर लावलाय?"

"बॅटरीवर," ती तितक्याच हळू म्हणाली. "तुमचा फोन आला त्याच दिवशी. मशीनच्या मोटरीसाठी घेतली होती ती बॅटरी. ती डब्याला दिली. मशीन काय, मी पायानं चालवते. लाइट गेली की पोरं आता डब्याच्या हिरव्या दिव्यापाशी बसतात. घरात तेवढाच उजेड असतो."

बंद पडणं हेच त्या डब्याचं काम होतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं, हे मिनिटवाल्याला ठाऊक होतं.

"बोला," साहेब म्हणाले. "तुमचा आकडा बरोबर की चूक?"

बरोबर म्हणावं तर गल्ली अंधारातच राहणार. चूक म्हणावं तर उद्यापासून पन्नास डब्यांवर कोण विश्वास ठेवणार? तीस माणसं त्याच्या पाठीकडे बघत होती.

तेवढ्यात टेलरबाई उठली. तिनं साहेबांना हात जोडले.

"साहेब, सरांना बोलू नका. त्यांचा आकडा एकदम बरोबर आहे. ती अकरा मिनिटं माझ्यामुळे गेली. बॅटरीची वायर निसटली होती आणि अंधारात मला लवकर सापडली नाही. परत नाही होणार."

ती खाली बसली. मिनिटवाल्याच्या दंडाला तिनं हळूच कोपर लावलं.

"चुकलं माझं, सर. पण आता तुम्ही गप्प नका राहू. आम्ही रोज चार तास अंधारात का बसतो, ते विचारा ना. उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका."