लेकीचं पान

दयाराम लांजेवारांना ब्लॉग उघडताच हलणारी समई दिसायला हवी होती. प्रांजलीने त्यांना समजावलं, की तेवढ्या समईपायी पान फोनवर उघडायला वेळ लागेल आणि वाचणारा कंटाळून निघून जाईल. त्यांना ते पटलं. समई राहिली, पण स्थिर.

नेहरू नगरातल्या त्यांच्या बैठकीत प्रांजली आठवडाभर लॅपटॉप घेऊन येत होती. एरवी ती कोचिंग क्लासवाल्यांच्या वेबसाइट करायची. हसरी पोरं, टक्केवारी, मोठाले आकडे. हे काम वेगळं होतं. स्टील प्लांटच्या ऑफिसातून निवृत्त झालेले लांजेवार नऊ वर्षं आपल्या मुलीला पत्रं लिहीत होते. ब्लॉगचं नाव 'लेकीस'. मुलीचं नाव रेणू. महिन्याला एक पत्र, आणि त्याखाली भंडाऱ्यापासून पुण्यापर्यंतच्या लोकांचे अभिप्राय. काका, ऑफिसात वाचता वाचता डोळे भरून आले, असं कुणी लिहायचं. कुणी नुसते हात जोडायचं. आता नागपूरची एक संस्था त्यांचा सत्कार करणार होती. त्याआधी ब्लॉगचं जुनाट रूप बदलायचं होतं, म्हणून प्रांजलीला बोलावलं होतं.

कामासाठी म्हणून तिने सगळी पत्रं वाचली. पहिलं तर तिला जवळजवळ पाठ झालं. 'तू गेलीस त्या संध्याकाळी मी थंड पाण्याने आंघोळ केली. घरात चूल पेटली नाही. तुझ्या आईला मी रडू दिलं नाही. ती रडली असती तर मीही मोडलो असतो.'

रेणू कशाने गेली, ते कुठल्याच पत्रात नव्हतं. प्रांजलीनेही विचारलं नाही. बापाला असं कोण विचारणार?

तिचे स्वतःचे बाबा कोरोनात गेले होते. जन्मभर शिफ्ट ड्यूटी केलेला माणूस. तिला उद्देशून लिहिलेली एक ओळसुद्धा त्यांच्या मागे सापडली नव्हती. लांजेवारांची पत्रं वाचताना तिला त्या न पाहिलेल्या रेणूचा हेवा वाटायचा, आणि मग मेलेल्या मुलीचा हेवा केल्याची लाज वाटायची.

कुणी सांगितलं नसताना तिने एक नवं पान बनवलं. वर रेणूचं नाव, खाली निवडक पत्रं, आणि मधोमध फोटोसाठी रिकामी चौकट.

लांजेवारांनी पान पाहिलं. चष्मा काढून पुसला. छान झालंय म्हणाले, पण फोटो काही मिळणार नाही. रेणूचे होते नव्हते तेवढे फोटो त्यांनी तेव्हाच जाळले होते, डोळ्यांसमोर नको झाले होते म्हणून.

"आता माझे शब्द हाच तिचा चेहरा," ते म्हणाले. मग ते वाक्य त्यांनी वहीत टिपून घेतलं.

त्यांची बायको कलावतीबाई या सगळ्यात कधी बोलत नसत. चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. लांजेवार एखादं पत्र मोठ्याने वाचू लागले, की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. त्यांना ऐकवत नसेल, असं प्रांजलीने धरून ठेवलं होतं.

त्या दिवशी ती निघाली तेव्हा लांजेवार नागपूरवाल्यांशी फोनवर बोलत होते. कलावतीबाई फाटकापर्यंत तिच्या मागे आल्या.

"फोटो पाहिजे न तुले?"

एक असता तर पान पुरं झालं असतं, असं प्रांजली म्हणाली.

कलावतीबाईंनी वळून घराकडे पाहिलं. "खुर्सीपारच्या वस्तीत जा. सरकारी शाळेमागं शिलाईचं दुकान हाय. तिथल्या बाईपाशी भेटन. काकाले सांगू नको."

रेणूची मैत्रीण असणार, प्रांजलीने ताडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्कूटी काढली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. दोन मशिनी, शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि गळ्यात टेप अडकवलेली पस्तिशीची एक बाई कॉलर लावत बसलेली. आपण कोण, कुणी पाठवलं, हे प्रांजलीने सांगितलं. कलावतीबाईंचं नाव ऐकताच बाईचा पाय मशिनवर थांबला.

"तब्येत बरी हाय न?" तिने विचारलं.

बरी आहे म्हणून प्रांजलीने सांगितलं आणि फोनवर पान उघडून तिच्या हातात दिलं. रेणूताईंचा एखादा फोटो हवा होता, कुठलाही, कॉलेजातला असला तरी चालेल.

बाईने पहिलं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरं वाचलं. मग खालचे अभिप्राय. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तिने मान वर न करता हातानेच थांबवलं.

"लोकं रडतात हे वाचून?"

"खूप. मीही रडले."

"अन् याच्यासाठी सत्कार होऊन राहिला?"

"रविवारी. तिथे सभागृहात मोठ्या पडद्यावर हेच पान दाखवणार आहेत. म्हणून तर फोटो हवा. काकांनी जाळले ते दुःखाच्या भरात. आता एक दिसला तर त्यांनाही बरंच वाटेल."

बाईने फोन परत दिला. गळ्यातली टेप काढून मशिनवर ठेवली. ओढणी सारखी केली, कपाळावरचे केस मागे घेतले आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून ती भिंतीशी उभी राहिली.

"जुना तं एकही नाही माझ्यापाशी, अंगावरच्या कपड्यानिशी निघाली होती मी घरातून," ती म्हणाली. "आताचाच काढ."