मधली खुर्ची

"आता पाच फोटो होईपर्यंत कोनी हालू नका," नौमान म्हणाला.

"पाच काऊन बे? एकात मावत नाई काय आमी?" बाकावरच्या रांगेतून हेडक्लार्क सहदेव ओरडला. सगळे हसले, म्हणजे सगळे हलले. नौमानने पुन्हा सुरुवात केली.

मोताळ्यातलं आपलं फोटोचं दुकान तीन दिवस अर्धंच उघडं ठेवून तो ही युक्ती शिकला होता. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा. पहिला फोटो खुर्च्यांच्या रांगेवर फोकस करून घ्यायचा. दुसरा मागच्या उभ्या रांगेवर, तिसरा त्याच्याही मागे बाकावर उभ्या राहिलेल्या रांगेवर, चौथा कडुलिंबावर, पाचवा शाळेच्या पाटीवर. मग कॉम्प्युटर प्रत्येक फोटोतला स्पष्ट तेवढा भाग उचलतो, पुसट तेवढा टाकून देतो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो.

"यात पुसट कोनी राहतच नाई, काका," नौमान म्हणाला. काका म्हणजे शंकरराव. ते मधल्या खुर्चीत बसले होते.

शंकरराव शाळेच्या ग्रंथालयातले शिपाई. आज ते निवृत्त होत होते, म्हणून मधली खुर्ची. एकतीस वर्षांत शाळेच्या कर्मचाऱ्यांचे एकतीस फोटो निघाले आणि प्रत्येकात ते बाकावर, डाव्या टोकाला उभे राहिले. ती रांग दरवर्षी पुसट यायची. घरी बायको महामाया चष्मा पुसून फोटोवर बोट फिरवायची. "यातले तुमी कोनते?" शंकरराव सांगायचे. कधीकधी त्यांनाही खात्री नसायची. आज सकाळी तिने बैठकीतल्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता.

पहिला फोटो निघाला. तेवढ्यात संस्थेच्या सचिवसाहेबांची गाडी फाटकातून आत आली.

साहेब येणार नव्हते. आले. शंकरराव उठले. त्यांना कोणी उठा म्हटलं नव्हतं. त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली आणि ते बाकावर डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. ती जागा रिकामीच होती. साहेब खुर्चीत बसले. नौमानचं तोंड उघडं राहिलं. 'थांबा, पुन्हा पहिल्यापासून काढू' हे सचिवसाहेबांना कसं सांगायचं, ते त्या युक्तीत शिकवलेलं नव्हतं. त्याने उरलेले चार फोटो काढले.

चौथ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडमनी शंकररावांनाही बोलावून घेतलं.

फोटो फारच स्पष्ट होता. कडुलिंबाची पानं मोजता आली असती. बाकावर डाव्या टोकाला शंकरराव होते, दाढीचा खुंटन् खुंट दिसत होता. मधल्या खुर्चीतही शंकरराव होते.

साहेब नव्हते.

"साहेब बसले तवा फोकस मांगं गेलता, मॅडम," नौमान म्हणाला. "ते पाचापैकी एकाही फोटोत स्पष्ट नाई आले. म्हनून कॉम्प्युटरनं त्याइले टाकून देलं."

अगदीच काही उरलं नव्हतं असं नाही. साहेब अंगाने शंकररावांच्या दुप्पट. त्यांच्या पांढऱ्या सफारीची पुसट कड खुर्चीतल्या शंकररावांच्या डोक्याभोवती राहिली होती. कॅलेंडरवरच्या संतांना असतं तसं वलय दिसत होतं.

"सेवापुस्तकात तर एकच शंकरराव हायेत," सहदेव काळजीने म्हणाला. "यातला निवृत्त कोनता झाला? उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं तर?"

"ऑडिट राहू द्या. उद्या साहेब येताहेत," मॅडम म्हणाल्या. "फोटो ऑफिसात लावायचाय. साहेब त्या खुर्चीत दिसलेच पाहिजेत."

"बसवतो. पन पुसट बसतीन."

"पुसट चालतील. एक शंकरराव काढून टाक आणि त्यांना बसव."

नौमानने की-बोर्डवर बोट ठेवलं आणि थांबला. "कोनता काढू?"

"हे काय विचारणं झालं?"

"विचारा लागते, मॅडम. दोघंबी सारखेच स्पष्ट हायेत. पुढचा काढला तर साहेब बसतीन. मांगचा काढला तर तिथं पयल्या फोटोतली रिकामी जागा भरता येते. पन मंग खुर्ची काकांचीच राहते."

मॅडमनी शंकररावांकडे पाहिलं. "शंकरराव, तुमची काही हरकत नाही ना?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाई जी' असं असतं. एकतीस वर्षं असंच होतं. सहदेवने ते ऐकल्यासारखी मानही हलवली.

शंकरराव लॅपटॉपजवळ गेले. आधी त्यांनी बाकावरच्या माणसाकडे पाहिलं. त्याची मान थोडी वाकलेली होती. हातात रुमाल होता. कोणाची खुर्ची पुसायची राहिली असेल तर पुन्हा खाली उतरायला तो तयार होता. मग त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवून. हा आपणच का, अशी शंका त्यांना आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोच होता.

त्यांना भिंतीतला खिळा आठवला.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की नौमानला पुढे वाकावं लागलं. "मांगचा काढा. निवृत्त तो झाला."