चार सुरांचा धनी

रेडिओवर ते गाणं लागलं आणि रॉस्को टिब्झ गालांना दाढीचा फेस असतानाच खुर्चीतून उठला.

"कॉर्नेल, आवाज वाढव! मी वाजतोय!"

कॉर्नेलने वस्तरा बाजूला धरला. नेवार्कमधल्या त्याच्या सलूनमध्ये त्या उन्हाळ्यात हे रोजचंच झालं होतं. गाणं रॅपचं. वर कोणी पोरगा आपल्या गल्लीबद्दल तावातावाने बोलत होता आणि खाली बासचे चार जाड, संथ सूर गोल गोल फिरत होते. जॅझच्या तीस वर्षं जुन्या तबकडीवरून उचललेले.

"तू नाही. मी वाजतोय," बाकावरून डेलमार म्हणाला. वर्तमानपत्र खाली करण्याची तसदीही त्याने घेतली नाही.

दोघेही सत्तरीचे, दोघेही बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवणारे. रॉस्को नाचघरातल्या मोठ्या बँडमधला, डेलमार त्यांच्यानंतर आलेल्या घायकुत्या, सुरांचा मारा करणाऱ्या बीबॉप जॅझवाल्यांतला. पुढे नाचणारे गेले, बीबॉप ऐकणारेही पांगले आणि दोघांनी एकाच क्लबात आळीपाळीने दिवस काढले. तिथे एकच तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूला रॉस्को, दुसऱ्या बाजूला डेलमार. आता तिच्यातलेच सूर या गाण्यात आहेत अशी बातमी होती.

मागच्या वर्षापर्यंत रॅपचं नाव काढलं की रॉस्को नाक मुरडायचा. "ही पोरं दुसऱ्याच्या चुलीवरचं पातेलं पळवतात," म्हणायचा. पातेलं आपलंच असावं असा वास आल्यापासून तो रोज दाढी करायला येऊ लागला होता.

"अरे, ऐक जरा," तो डेलमारला म्हणाला. "जेवण झाल्यावर माणूस चालतो तसे चाललेत सूर. तुला हे जमलं असतं? चार सुरांच्या जागेत चाळीस कोंबणारा तू!"

"आणि तू असतास, तर तिसरा सूर अजून वाटेतच असता."

गिऱ्हाइकं खदखदली. तेवढ्यात कॉर्नेलची मुलगी लटोन्या काखेत तबकडी घेऊन आत आली. रेडिओवरच्या त्या गाण्याचं संगीत तिनेच जुळवलं होतं.

"लाव बाई एकदाचा निकाल," कॉर्नेल म्हणाला. "या दोघांपायी माझी गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीने बसून राहतात."

"दुसरी बाजू, तिसरं गाणं," लटोन्या म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या ग्रामोफोनवर सुई टेकवली.

दुसरी बाजू! रॉस्को मटकन खाली बसला. डेलमारने वर्तमानपत्राची घडी केली, उभा राहिला आणि सगळ्या सलूनला वाकून नमस्कार केला.

"या शहरातली प्रत्येक गाडी सध्या माझ्यामुळे हादरतेय," तो म्हणाला. "रडू नकोस, रॉस्को. फेस ओघळतोय."

दार उघडून रॉस्कोची बायको अर्लीन आत आली. हातात भाजीची पिशवी. त्या क्लबात ऑर्गनवर तीच असायची. आता रविवारी चर्चमध्ये वाजवायची. तबकडी ऐकून ती थबकली.

"हे कशाला लावलंय?"

"डेलमारकाकांचा बास ऐकतोय, अर्लीनकाकू," लटोन्या म्हणाली.

"कोणाचा? या गाण्याच्या वेळी डेलमार मागच्या गल्लीत होता. कोणाबरोबर, ते विचारू नका."

"दोन मिनिटं गेलो असेन," डेलमार पुटपुटला.

"सगळ्यात लांबलचक गाणं आहे ते, डेलमार."

"मग वाजवलं कोणी?" लटोन्याने विचारलं.

"ऑर्गनला खाली पट्ट्या असतात, बाळा. पायाने दाबल्या की खर्जाचे सूर निघतात, थेट बाससारखे. प्रत्येक सुराआधी टक् वाजतंय, ऐकू येतं?"

"मला वाटलं, तबकडीची खरखर आहे. छान वाटली म्हणून राहू दिली."

"माझ्या बुटाची टाच आहे ती. नवे बूट होते. मेले चावत होते."

 सलूनमध्ये जे हसू फुटलं, त्यात सगळ्यात मोठा आवाज रॉस्कोचा होता. डेलमारकडे बोट दाखवून तो हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मग एकदम त्याने अर्लीनकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं? अख्खा उन्हाळा मी घरात बोटं नाचवत फिरतोय, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"रोज गुळगुळीत दाढी करून खुशीत घरी यायचास," अर्लीन म्हणाली. "म्हटलं, चालू दे."

रॉस्कोने विचार केला. मग मान ताठ करून तो डेलमारकडे वळला.

"काही झालं तरी पाय माझ्या घरातला आहे."

एका गालावरचा फेस तसाच ठेवून त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं रस्ता ओलांडायला लागली. अर्ध्यात पोचतात तोच सिग्नल हिरवा झाला. समोरच्या गाडीच्या काचा खाली होत्या आणि आतून तेच चार सूर धडधडत होते. तालावर मान हलवणाऱ्या पोराने हॉर्न दाबला.

"ओ आजी, जरा पाय उचला की!"

"तीस वर्षं तेच करतेय, राजा," अर्लीन म्हणाली, आणि आपल्याच चालीने पुढे गेली.